बहिरमचा हिवाळा

वऱ्हाडाबाहेरच्या मराठी माणसाच्या मनात या मुलखाचे जे चित्र असते ते बहुतेक वैशाखातले असते. अकोल्याचा चढलेला पारा, भेगाळलेली काळी जमीन, आटलेल्या विहिरी आणि कापसाच्या भावाची चिंता, एवढ्या सामग्रीवर ते तयार होते. आणि ते खोटे नसले तरी इतके अपुरे आहे की, त्यावरून या प्रांताविषयी कायमचे मत बनवून बसलेल्या माणसाविषयी मला मनापासून हळहळ वाटते. ज्याला वऱ्हाड खऱ्या अर्थाने जाणून घ्यावयाचा आहे त्याने मार्गशीर्ष-पौषात यावे, आणि त्यातही अमरावती जिल्ह्याच्या उत्तर सरहद्दीवर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या चांदूर बाजार तालुक्यात यावे. कारण या दोन महिन्यांत येथील जमीन, येथील देव आणि येथील चूल या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, उघड्या आकाशाखाली, एकाच वेळी पाहावयास मिळतात.

एक खुलासा आरंभीच केलेला बरा. याच जिल्ह्यात चांदूर रेल्वे नावाचे दुसरे गाव मुंबई-नागपूर लोहमार्गावर असून, अनोळखी पाहुणा पुष्कळदा तेथेच उतरतो. आपले चांदूर ते नव्हे. चांदूर बाजार हे अमरावतीच्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यात वसलेले बाजारपेठेचे गाव आहे. सातपुड्यातून उतरणारी पूर्णा या तालुक्यात विश्रोळीजवळ धरणाने अडविली असून, तिच्या पाण्यावर व विहिरींच्या ओलितावर येथील संत्र्यांच्या बागा आणि भाजीपाल्याचे मळे उभे आहेत. या जमिनीचा लौकिक जुना आहे. मोगल अमलात वऱ्हाड हा एक स्वतंत्र सुभा होता व येथून जवळच असलेले अचलपूर, म्हणजे दप्तरांतले एलिचपूर, हे या प्रांताचे मोठे ठाणे होते. 1853 च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेला, त्यानंतर एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि 1905 साली तो अमरावतीत विलीन झाला. राज्ये बदलली, जमाबंदीच्या तऱ्हा बदलल्या. पण खरीप घरात आल्यावर आणि रब्बी पोटरीत असताना कास्तकाराला मिळणारी जी थोडीशी उसंत, ती मात्र दरसाल त्याच वेळी येत राहिली, आणि त्या उसंतीच्या मध्यभागी बहिरमची यात्रा उभी राहिली.

कारंजा बहिरम हे परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे ठिकाण. तेथे सातपुड्याच्या कुशीत, उंचवट्यावर बहिरमबुवांचे स्थान आहे. बहिरम म्हणजे भैरव. पण भाविकांच्या तोंडी तो ‘बुवा’ आहे, आणि त्या एका संबोधनात धाकापेक्षा घरोबा अधिक आहे. बुवांच्या भव्य पाषाणमूर्तीला लोणी आणि शेंदूर वाहण्याची चाल असल्यामुळे वर्षानुवर्षे थरावर थर चढत जाऊन मूर्तीने धारण केलेले ते सिंदुरी, स्निग्ध आणि काहीसे अघटित रूप एकदा पाहिले म्हणजे विसरत नाही. लोण्याचा मान बुवांना का मिळाला असावा याचा विचार केला की, डोळ्यांपुढे पलीकडचा डोंगर येतो. सातपुडा आणि मेळघाट हा गुराढोरांचा मुलूख आहे. पावसाळ्यात चरून पुष्ट झालेल्या जनावरांचे दूधदुभते हिवाळ्याच्या तोंडाशी भरात असते. आणि ज्याच्या घरी जे पहिल्या प्रतीचे आहे ते देवाला द्यावे, हा सगळ्याच कृषिप्रधान समाजांचा साधा कायदा आहे. यात्रा 20 डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. सलग सहा आठवड्यांची इतकी लांब यात्रा महाराष्ट्रात विरळाच. वऱ्हाडातून आणि सरहद्दीपलीकडच्या मध्य प्रदेशातून माणसे येतात. अनेकांच्या घराण्याचे हे कुलदैवत आहे. एके काळी येथे राहुट्यांची पेठ उभी राहत असे, तमाशाचे फड रात्र-रात्र रंगत, आणि गावोगावचे पाटील-देशमुख आपापला तंबू ठोकून महिना-महिना मुक्काम करीत. तमाशे गेले, तंबू कमी झाले. जे टिकले ते अन्न.

या यात्रेचे मर्म असे की, येथे प्रसाद विकत घेऊन खावयाचा नसतो, तर स्वतः रांधावयाचा असतो. पहाटेच घरून निघालेल्या गाड्या आणि ट्रॅक्टर आवारात लागतात. गंज, पराती, पीठमिठाच्या पिशव्या आणि गवऱ्यांची पोती उतरतात. एखाद्या झाडाची सावली पाहून सतरंजी अंथरली जाते. तीन दगडांची चूल मांडली जाते. आणि घटकाभरात त्या माळावर जिकडे पाहावे तिकडे धुराच्या निळसर रेघा वर चढू लागतात. कुणाच्या घरी मूल झालेले असते, कुणाचा पाय दुरुस्त झालेला असतो, कुणाच्या लेकीचे लग्न ठरलेले असते, आणि त्या नवसाची फेड म्हणजे अमुक माणसांना रोडगे खाऊ घालणे. नवस बोलताना देवाला वचन दिलेले असते आणि फेडताना जेवतात ती माणसे, ही या धर्माची फार थोर बाजू आहे असे मला वाटते.

रोडगा म्हणजे काय, हे वऱ्हाडी वाचकाला सांगावयास नको. परंतु पुण्या-मुंबईकडच्या पुष्कळांना तो नावानेच ठाऊक असल्यामुळे त्याची कृती जरा जवळून पाहू. गहू पोळीसारखे बारीक न दळता रवाळ, भरड दळून आणावयाचा. त्यात मीठ, ओवा, जिरे आणि तेलाचे सढळ मोहन घालून पीठ घट्ट मळावयाचे, इतके घट्ट की मळणाऱ्याचे मनगट भरून यावे. मग लहान-मोठ्या आकाराच्या जाड पोळ्या लाटून, प्रत्येकीला तेल लावून, लहान गोळ्याला मोठीने आणि तिला आणखी मोठीने गुंडाळत जाऊन, शेवटी मुठीएवढा किंवा त्याहून मोठा गोळा वळावयाचा. इकडे गवऱ्या पेटवून ठेवलेल्या असतात. नवखा माणूस येथेच उतावळा होतो. ज्वाळा उठलेल्या पाहून तो गोळे टाकावयास निघतो, आणि चुलीपाशी बसलेली एखादी म्हातारी बाई मान वर न करताच त्याला थांबवते: “जाय नोको बाप्पा, विस्तो पायजे. पडू दे आंदी.” तिचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. ज्वाळेवर रोडग्याची कातडी करपते आणि पोट कच्चे राहते. गवरी मात्र ज्वाळा विझल्यावर आत धुमसत, मंद आणि एकसारखी उष्णता तासभर देत राहते, आणि लाकडाच्या निखाऱ्यापेक्षा ती सौम्य असते. विस्तव पडला, म्हणजे गवऱ्यांचे लाल निखारे सपाट पसरले, की रोडगे त्यावर ठेवावयाचे, वरचेवर फिरवावयाचे, सर्व बाजूंनी तांबूस डाग पडले की गरम राखेत पुरून टाकावयाचे आणि गप्पांना बसावयाचे. राखेच्या त्या ऊबेत आतल्या पोळ्यांमधल्या तेलाने थर सुटे होतात, पिठातल्या पाण्याची वाफ कोंडून गाभा शिजतो, आणि गोळा हळूच तडकतो. तडा गेला म्हणजे रोडगा झाला. मग फडक्यात घेऊन राख झटकावयाची, हातानेच फोडावयाचा, आणि त्या फुटलेल्या, वाफाळणाऱ्या, भुसभुशीत पोटात तूप ओतावयाचे. बाहेरचा पापुद्रा खरपूस, त्याखालचा थर खुसखुशीत आणि गाभा मऊ. एकाच घासात गव्हाची ही तीन रूपे दुसऱ्या कुठल्याही पदार्थात मला आढळलेली नाहीत.

या रोडग्याबरोबर वांग्याची भाजी असते, आणि ती असलीच पाहिजे. हिवाळी वांगी कोवळी, बी न धरलेली, देठाला काटे असलेली. मोठ्या गंजात तेल तापवून त्यात लसूण-मिरचीचे वाटण, भाजलेला कांदा-खोबऱ्याचा मसाला आणि वांग्यांच्या फोडी पडतात. वांगी शिजून लगद्याला आली की वर तर्री चढते, आणि उतरवताना मूठभर सांबार चिरून टाकतात. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. पत्रावळीवर वरण, भाजी आणि चुरलेला रोडगा एकत्र कालवून खाताना कोण कुणाच्या जातीचा, कोण मालक आणि कोण सालदार, याची चौकशी पंगतीत कुणी करीत नाही. निदान त्या घटकेला तरी करीत नाही.

वांगे आणि रोडगा यांची जोडी केवळ बहिरमची नाही. चातुर्मासात पुष्कळ घरांतून वांगे वर्ज्य असते आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीस, खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य दाखवूनच ते पुन्हा ताटात येते. जुन्यांनी निषेधाला मुदत घातली आणि मुदतीच्या अखेरीस उत्सव ठेवला, यात केवढे शहाणपण आहे ते मळ्यात गेल्यावर समजते. पावसाळ्यातले वांगे किडके आणि पाणचट. तेच मार्गशीर्षातल्या थंडीत घट्ट, गोडसर आणि निकोप. वर्षातून एकदा वस्तू दूर ठेवून तिच्या खऱ्या हंगामात ती देवाच्या हाताने परत घ्यावी, म्हणजे तिची चव जिभेला नव्याने कळते.

आता या वांग्याच्या मागे मागे जरा दूर जाऊ. भूमध्य समुद्राच्या मध्यभागी, इटलीच्या टोकाशी सिसिली नावाचे बेट आहे, आणि हिवाळ्यात त्या बेटावर जाऊन तेथील सणांचे अन्न खाणे हा युरोपातील प्रवाशांचा आवडता बेत असतो. त्या बेटाचा कॅपोनाता नावाचा एक पदार्थ जगप्रसिद्ध आहे: वांग्याच्या तळलेल्या फोडी, त्यात ऑलिव्ह, टोमॅटो, अजमोद्याच्या जातीचे देठ, आणि शिर्का व साखर यांनी आणलेला आंबट-गोडपणा. वांगे हे मूळचे आपल्याकडचे. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोकांना ते ठाऊक नव्हते. अरबांनी ते पश्चिमेकडे नेले. इसवी सन 827 मध्ये अरब फौजा सिसिलीच्या पश्चिम किनाऱ्यावर माझाराजवळ उतरल्या, 831 मध्ये पालेर्मो त्यांच्या ताब्यात आले, आणि 1072 मध्ये नॉर्मनांनी ते शहर घेईपर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीच शतके, त्यांचा अंमल तेथे राहिला. या अमलात पाटबंधाऱ्यांची विद्या, ऊस, आंबट संत्री, लिंबे आणि वांगी या बेटावर रुजली. राजवट गेली, मशिदींची देवळे झाली. पण मळे राहिले आणि मळ्यांबरोबर ताटही राहिले. बहिरमच्या गंजातले वांगे आणि पालेर्मोच्या ताटातले वांगे ही एकाच कुळाची दोन घराणी आहेत, आणि गंमत अशी की, बहिरमच्या भाजीतली मिरची आणि कॅपोनातातला टोमॅटो हे दोन्ही पाहुणे अमेरिकेहून, कोलंबसाच्या 1492 च्या सफरीनंतरच, दोन्ही मुलखांत आले.

गव्हाचेही तसेच. सिसिली हा रोमचा इटलीबाहेरचा पहिला प्रांत, इसवी सनापूर्वी 241 मधला. आणि रोमने तेथून काय नेले, तर धान्य. पिकाचा दहावा हिस्सा सारा म्हणून वसूल करण्याची तेथील पद्धत आपल्याकडील बटाईच्या वसुलीची आठवण करून देणारी आहे. तेथला गहू कठीण दाण्याचा, रवाळ दळला जाणारा. आपल्याकडे कोरडवाहू जमिनीत पूर्वी पुष्कळ पिकणारा बन्सी गहू याच जातीचा. या गव्हाचा एक सण सिसिलीत 13 डिसेंबरला, संत लुचीयाच्या दिवशी, असतो. 1646 साली बेटावर भीषण दुष्काळ पडला असता या दिवशी धान्याने भरलेले एक जहाज बंदरात लागले, आणि भुकेल्या लोकांना दळण्याइतकाही धीर न निघाल्यामुळे त्यांनी गहू तसाच उकडून खाल्ला, अशी तेथील आख्यायिका आहे. म्हणून पालेर्मोत त्या दिवशी श्रद्धाळू घरांत पाव किंवा शेवया शिजत नाहीत. भिजवून उकडलेल्या अख्ख्या गव्हात गोड घट्ट दूधपदार्थ घालून केलेली कुच्चीया खातात आणि हरभऱ्याच्या पिठाचे पानेल्ले खातात. पानेल्ले कसे करतात ते ऐकून वऱ्हाडी गृहिणी चकित होईल. बेसन पाण्यात शिजवून घट्ट आणावयाचे, ताटात पातळ थापावयाचे, थंड झाल्यावर तुकडे कापावयाचे आणि तळावयाचे. आपल्या पाटवडीत आणि यात अंतर एवढेच की, आपण ती तर्रीच्या रश्श्यात सोडतो आणि ते पावात घालून खातात. दुष्काळाची स्मृती अन्नाने जपावयाची, शोकाने नव्हे, हा त्या लोकांचा स्वभाव मला विशेष वाटतो. कारण दुष्काळ काय असतो हे वऱ्हाडाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

बहिरमच्या अन्नाची दुसरी बाजू मटणाची आहे, आणि ती टाळून या यात्रेविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. हंडीतले मटण हे बहिरमचे दुसरे नाव झाले आहे. कुंभारांनी आणलेल्या मातीच्या हंड्या यात्रेतच विकत मिळतात; त्यात मटण, गावरान मसाला आणि बेताचे पाणी घालून, तोंडावर झाकण घट्ट बसवून, हंडी मंद विस्तवावर ठेवून देतात. माती उष्णता सावकाश घेते आणि सावकाश सोडते, म्हणून तळ लागत नाही आणि मांस आपल्याच रसात शिजते. दूरदूरचे शौकीन केवळ या हंडीसाठी येतात. पण या चवीच्या पाठीमागे एक इतिहास आहे. पूर्वी येथे बोकड केवळ शिजविण्यासाठी नव्हे, तर देवापुढे कापण्यासाठी आणीत, आणि नवसाच्या नावाखाली रक्ताचा सडा पडे. या प्रथेविरुद्ध जो माणूस याच जिल्ह्यात उभा राहिला त्याचे नाव गाडगेबाबा.

गाडगेबाबा, म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर, यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अंजनगाव सुर्जीजवळच्या शेणगावी परीट कुटुंबात झाला. वडील व्यसनापायी गेले, आणि आजोळी शेतात राबत मुलगा मोठा झाला. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मांसाचे आणि दारूचे जेवण द्यावे, ही मंडळींची अपेक्षा असता, या तरुणाने पंगतीला गोडाधोडाचे जेवण वाढले. मला हा प्रसंग त्यांच्या पुढच्या सर्व कार्याची पहिली खूण वाटतो; कारण त्यांचे बंड ताटात सुरू झाले, ग्रंथात नव्हे. 1905 च्या फेब्रुवारीत घर सोडल्यानंतर त्यांनी यात्रांनाच आपली शाळा केली. फुटक्या गाडग्यात भाकरी मागावयाची, हातात खराटा घेऊन यात्रेची घाण झाडावयाची आणि रात्री कीर्तनात शेकडो माणसांना प्रश्न विचारीत विचारीत त्यांच्याच तोंडून उत्तर काढावयाचे, ही त्यांची पद्धत. नवसाला पावणारा देव मुक्या जिवाचे रक्त मागतो काय, हा त्यांचा प्रश्न बहिरमच्या यात्रेतही घुमला, आणि देवापुढची हत्या ओसरण्यास त्यांचा हा प्रचार कारण झाला. त्यांनी जेवण बंद करावयास सांगितले नाही. बळी बंद करावयास सांगितले. म्हणून आज बुवांना नैवेद्य रोडग्याचा आणि लोण्याचा आहे, आणि हंडी ही माणसांची, माळावरची गोष्ट झाली आहे. धर्म आणि भोजन यांमधली ही सरहद्द आखण्याचे काम एका निरक्षर परिटाने केले, याचा अभिमान या जिल्ह्याने बाळगावा तेवढा थोडा. त्यांचे देहावसान 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, प्रवासात झाले. बहिरमच्या यात्रेचा पहिला दिवसही तोच.

पूर्णेच्याच काठी, खाली भातकुली तालुक्यात ऋणमोचन येथे पौषातल्या रविवारी दुसरी यात्रा भरते. घाट बांधून आणि आंधळ्या-पांगळ्यांना अन्न घालून गाडगेबाबांनी आपल्या कार्यास आरंभ केला तो तेथे. हिवाळी पाहुण्याला सवड असल्यास त्याने तेही ठिकाण पाहावे. अन्नदान हा शब्द आपण सहज वापरतो. तेथील पंगत पाहिल्यावर तो जपून वापरावासा वाटतो.

पौषाच्या मध्यावर संक्रांत येते आणि यात्रेच्या रोडग्यांत तिळाची भर पडते. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली भाकरी आणि हंगामातल्या सगळ्या शेंगा-भाज्या एकत्र करून केलेली मिसळीची भाजी; दुसऱ्या दिवशी तिळगूळ; आणि सुगडांत ऊस, बोरे, गाजर, हरभऱ्याचे घाटे आणि गव्हाच्या ओंब्या भरून सुवासिनींची वाणांची देवघेव, ती थेट रथसप्तमीपर्यंत. त्या सुगडात काय काय असते याची यादी केली तर ती त्या आठवड्यातल्या शिवाराचीच यादी होईल. तिळात निम्म्याच्या आसपास तेल असल्यामुळे थंडीत तो अंगाला मानवतो, हे आजीबाईंचे वैद्यक आहारशास्त्रालाही मान्य आहे. तीळही आपलाच, हडप्पाच्या उत्खननात त्याचे जळके दाणे मिळाले आहेत. आणि हाही पुढे सिसिलीत पोचला. तेथे नाताळात तीळ आणि बदाम मधात किंवा साखरेच्या पाकात शिजवून, दगडी पाटावर थापून, कुबाइता नावाची जी कडक वडी करतात ती आपल्या तिळाच्या चिक्कीहून वेगळी ओळखू येणार नाही. नाताळची त्यांची मुदत 6 जानेवारीपर्यंत चालते. त्यानंतर आठवडाभरात आपली संक्रांत.

संत्र्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण चांदूर बाजारचा हिवाळा डोळ्यांना प्रथम दिसतो तो बागांतून. नागपुरी या नावाने जगाला माहीत असलेले संत्रे वस्तुतः वरूड, मोर्शी, चांदूर बाजार आणि अचलपूर या पट्ट्यात फार मोठ्या प्रमाणावर पिकते. वसंतात फुललेला आंबिया बहार या दिवसांत तोडीला येतो. पावसाच्या आरंभी फुललेला मृग बहार संक्रांतीनंतर पिकू लागतो. फळाला केशरी रंग कशाने येतो, तर थंड रात्रींनी. रात्री गार पडल्या की सालीतले हरितद्रव्य विरू लागते आणि खाली दडलेला पिवळा-केशरी रंग वर येतो. म्हणूनच उष्ण सखल प्रदेशात पिकलेली संत्री आतून गोड असूनही बाहेरून हिरवट राहतात. सिसिलीत एट्ना ज्वालामुखीच्या पायथ्याशी हीच किमया एक पाऊल पुढे जाते. तेथे दिवस ऊबदार आणि रात्री बोचऱ्या थंड असल्याने तारोक्को, मोरो या जातींच्या संत्र्यांचा गरही लाल होतो, जांभळाच्या सालीत असते त्याच जातीच्या रंगद्रव्याने. ती फळे डिसेंबरपासून बाजारात येतात, आणि तेथली माणसे त्यांच्या फोडी बडीशेपेच्या ताज्या कंदाबरोबर, मीठ आणि ऑलिव्ह तेल घालून जेवणात खातात. आपण संत्र्याला मीठ लावीत नाही. एकदा लावून पाहण्यास हरकत नसावी. चांदूरच्या बागेत झाडाखाली उभे राहून तोडलेले, रात्रीच्या गारव्याने अजून थंडगार असलेले संत्रे सोलताना सालीतला सुगंधी तुषार बोटांवर उडतो, तो मुंबईच्या फळवाल्याकडच्या संत्र्यात कधीच उरलेला नसतो.

घरच्या चुलीकडे वळले तर या दिवसांचा राजा तुरीचा सोला. ओल्या तुरीच्या शेंगा सोलून काढलेले हिरवे दाणे म्हणजे सोले. ते भाजून, भरड वाटून केलेली आमटी, सोले घातलेला भात, आणि सर्वांवर ताण करणारी सोले-वांग्याची भाजी. यांची चव वाळलेल्या तुरीच्या वरणाशी जुळवून पाहण्यात अर्थ नाही. शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून परातभर मध्ये ठेवल्या की सगळे घर भोवती बसते. सांबार स्वस्त झाला की सांबारवडी होते: कोथिंबिरीचे तिखट-आंबट सारण बेसनाच्या पातळ पारीत गुंडाळून तळलेली, कढीबरोबर खावयाची. ज्वारीचा पेरा पूर्वीसारखा उरलेला नाही, त्यामुळे हुरडा शोधावा लागतो. ज्यांच्या शेतात अजून ज्वारी आहे ते कास्तकार कोवळी कणसे गवरीच्या विस्तवात भाजून, तळहातावर चोळून, फुंकर मारून ते हिरवे गरम दाणे जवसाच्या चटणीबरोबर पाहुण्याच्या हातावर ठेवतात. हे पीक या काळ्या जमिनीतून हळूहळू हद्दपार होत आहे याचे दुःख मला कापसाच्या भावाइतकेच मोठे वाटते.

पाहुण्याने कसे यावे हे सांगतो. नरखेड-अमरावती लोहमार्गावर आता चांदूर बाजार स्टेशन आहे. पण अमरावतीहून वलगावमार्गे मोटारीने येणे अधिक सोयीचे, म्हणजे वाटेत पूर्णेच्या खोऱ्याचे शिवार दिसते. चांदुरात मुक्काम करावा. जवळच माधान हे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचे गाव आहे. लहानपणी दृष्टी गेलेल्या आणि अवघ्या चौतिसाव्या वर्षी, 1915 साली, दिवंगत झालेल्या त्या पुरुषाने केवढी ग्रंथरचना केली हे तेथे गेल्यावर समजते. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बहिरमला निघावे. रविवारी गर्दी फार असते, पण चुलीही त्याच दिवशी सर्वांत जास्त पेटतात. ऊबदार घोंगडी जवळ ठेवावी, कारण डोंगरावरून उतरणारा वारा ऊन चढेपर्यंत अंगाला झोंबतो. प्रथम बुवांना लोणी वाहावे. मग माळावर हिंडावे, आणि एखाद्या कुटुंबाने “या बाप्पा, बसा जेवाले” म्हटले, आणि ते म्हणतातच, तर संकोच न करता पंगतीत बसावे. नवस करणाऱ्याच्या दृष्टीने अनोळखी जेवणारा हा लाभ असतो. त्याने नाही म्हटले तर यजमानाला वाईट वाटते. रोडगा हाताने फोडावा, तूप पुरेसे घ्यावे, आणि भाजीची तर्री पहिल्यांदा बेताने घ्यावी.